पासपोर्ट ही शिक्षकाची पात्रता नव्हे

दक्षिण कोरियात परदेशी माणसाला इंग्रजी संभाषण शिकवायचे असेल, तर त्याला ई-२ नावाचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी सामान्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांपैकी एकाचे नागरिकत्व आणि कोणत्याही विषयातली पदवी असावी लागते. पदवी भूगर्भशास्त्राची आहे की हॉटेल व्यवस्थापनाची, याला महत्त्व नाही. पदवीचे प्रमाणपत्र मायदेशात रीतसर साक्षांकित करून घ्यावे लागते, पोलिसांचा चारित्र्य दाखला जोडावा लागतो आणि कोरियात उतरल्यावर वैद्यकीय तपासणीला सामोरे जावे लागते. एवढे सगळे सोपस्कार होतात, पण या माणसाने यापूर्वी कधी कोणाला काही शिकवले आहे का, हे व्हिसाच्या नियमांत कोठेही विचारलेले नाही.

गेल्या दोन दशकांत कोरिया, चीन, थायलंड अशा अनेक आशियाई देशांनी परदेशी भाषाशिक्षकांसाठीचे नियम उत्तरोत्तर कडक केले. त्यावर परदेशी शिक्षकांची नेहमीची तक्रार अशी, की आम्हाला बोलावून घ्यायचे आणि मग गुन्हेगारासारखे तपासायचे, हा कोणता न्याय? मला ही तक्रार बव्हंशी पटत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात एखाद्याला उभे करण्यापूर्वी त्याची पात्रता पारखून घेणे हा कोणत्याही राज्यसंस्थेचा अधिकार आहे आणि तिचे कर्तव्यही आहे. डॉक्टर, वकील, वास्तुरचनाकार परदेशात गेले, की तिथल्या परीक्षा आणि परवाने यांना पर्याय नसतो, हे आपण निमूट मान्य करतो. मग शिक्षकानेच तेवढे सुटावे, असे कोणते कारण आहे? माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या गोष्टी कचेरीत बसून तपासता येतात, त्यांच्याबाबत हे नियम कडक झाले. शिकवण्याची क्षमता वर्गात जाऊनच तपासावी लागते, म्हणून ती तशीच बाहेर राहिली.

ही मागणी कोठून निर्माण झाली, हे आधी पाहिले पाहिजे. जपानने १९८७ मध्ये जेट ही योजना सुरू करून परदेशी तरुणांना सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून आणायला सुरुवात केली. कोरियाने १९९५ मध्ये एपिक ही तशीच योजना आखली आणि १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी विषय लागू केला. शाळेबाहेर तिथे हागवॉन म्हणजे खासगी शिकवणी वर्गांचे प्रचंड जाळे आहे. मुले शाळा सुटल्यावर तिथे जातात आणि रात्री उशिरापर्यंत बसतात. सोलमध्ये तर हे वर्ग रात्री दहानंतर चालवू नयेत, असा नियम करावा लागला. बारावीनंतरच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी श्रवणाचा पेपर सुरू असताना देशभरातील विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवले जाते, यावरून त्या समाजाने या विषयाला काय स्थान दिले आहे, ते कळावे. इतकी मोठी मागणी आणि तुलनेने तोकडा पुरवठा असला, की बाजार आपोआप निकष खाली आणतो. गोरा चेहरा वर्गाच्या जाहिरातीत चांगला दिसतो, हे चालकांना ठाऊक होते आणि पालकांनाही तो चेहरा दिसला, की फीचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत होते.

२००७ हे वर्ष कोरियासाठी या बाबतीत कलाटणीचे ठरले. त्या उन्हाळ्यात बनावट पदव्यांचे एक मोठे प्रकरण बाहेर आले. एका विद्यापीठातील प्राध्यापिकेची येल विद्यापीठाची पदवी खोटी निघाली आणि मग एकामागून एक नामवंतांच्या पदव्या तपासल्या जाऊ लागल्या. त्यात सार्वजनिक रेडिओवर वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवणारी एक लोकप्रिय निवेदिकाही होती. तिच्याकडे आपण सांगितलेली पदवी नसल्याचे तिने स्वतःच कबूल केले आणि कार्यक्रम सोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटरपोल ज्याचा जगभर शोध घेत होते, असा मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा एक कॅनेडियन माणूस थायलंडमध्ये पकडला गेला आणि तोपर्यंत तो कोरियातील ग्वांगजू येथे इंग्रजी शिकवत होता, हे उघड झाले. लोकक्षोभ उसळणे स्वाभाविक होते. डिसेंबर २००७ पासून ई-२ व्हिसासाठी चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय चाचण्या अनिवार्य झाल्या. त्या चाचण्यांत अमली पदार्थांची आणि एचआयव्हीची तपासणी होती.

या तिन्ही अटी एका दमात आल्या असल्या, तरी त्यांचे मोल सारखे नाही. चारित्र्य दाखला हवाच. तो फक्त पूर्वी शिक्षा झालेल्यालाच अडवतो, हे खरे. जो अद्याप पकडला गेलेला नाही, त्याच्या पुढ्यात तो कागद म्हणजे काहीच नाही. तरीही मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाकडून, मग तो देशी असो वा परदेशी, हा किमान कागद मागणे योग्य आहे. एचआयव्हीच्या चाचणीला मात्र कसलाही शैक्षणिक किंवा वैद्यकीय आधार नव्हता. वर्गात शिकवल्याने तो विषाणू पसरत नाही, ही माहिती २००७ मध्येही शाळकरी मुलाला होती. शिवाय कोरियन नागरिक असलेल्या शिक्षकांना ही चाचणी नव्हती आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कोरियन वंशाच्या शिक्षकांनाही नव्हती. २००९ मध्ये उल्सान येथील एका न्यूझीलंडच्या शिक्षिकेने करार नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा चाचणी देण्यास नकार दिला आणि तिची नोकरी गेली. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीपर्यंत पोहोचले. समितीने मे २०१५ मध्ये तिच्या बाजूने मत दिले आणि अखेर २०१७ मध्ये कोरियाने ती चाचणी रद्द केली. दहा वर्षे एक निरर्थक अट चालली, कारण तिच्यामुळे सरकार काहीतरी करत असल्यासारखे दिसत होते. पात्रतेच्या नियमांत ही खोड नेहमीच आढळते: क्षोभ एका कारणाने होतो आणि नियम दुसऱ्याच गोष्टीचा केला जातो.

तर मग शिक्षकाची पात्रता म्हणजे नेमके काय? एखादा वर्ग जवळून पाहिला, तर हे स्पष्ट होते. कोरियन भाषेत इंग्रजीतल्या फ या दंत्योष्ठ्य वर्णाचा उच्चार नाही. त्यामुळे ‘कॉफी’ हा शब्द त्यांच्या भाषेत ‘खॉपी’ होऊन बसला आहे. सहा वर्षांचा मुलगा वर्गात ‘कॉपी’ म्हणतो. अप्रशिक्षित शिक्षक हसून ‘नो, कॉफी’ म्हणतो. मुलगा पुन्हा ‘कॉपी’ म्हणतो. शिक्षक तोच शब्द आणखी मोठ्याने, आणखी सावकाश उच्चारतो आणि तिसऱ्या वेळी दोघेही कंटाळून पुढच्या चित्राकडे वळतात. प्रशिक्षित शिक्षक शब्द बाजूला ठेवतो, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून नुसती हवा सोडून दाखवतो, तळहात तोंडासमोर धरायला लावतो, आणि मग मुलाला त्या हवेचा स्पर्श झाला, की शब्दाकडे परत येतो. हे दुसऱ्या शिक्षकाला सुचते, कारण मुलाच्या भाषेत काय नाही, हे त्याला माहीत असते. तो जन्मतः इंग्रजी बोलतो की नाही, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

व्याकरणाचेही तसेच. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही आठवीच्या वर्गात ऐकायला मिळेल, कारण ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे मराठीत बिनदिक्कत म्हणता येते. ब्रिस्टॉल किंवा टोरोंटोहून आलेल्या पदवीधराला हे वाक्य चुकीचे आहे, हे क्षणात कळेल. पण का चुकीचे आहे, असे मुलीने विचारले, तर ‘असे आम्ही म्हणत नाही’ यापलीकडे त्याच्याकडे बहुधा उत्तर नसते. आपल्या शाळेतल्या बी.एड. झालेल्या बाईंना मात्र त्याचे कारण सांगता येते, कारण त्यांनी ती भाषा नियमांसकट, कष्टाने आणि चुका करत करत मिळवलेली असते. मी येथे कोणा एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवत नाही. ब्रिस्टॉलच्या पदवीधरालाही हे सारे शिकवता येते. मात्र त्यासाठी त्याला शिकावे लागते. केंब्रिजचे सेल्टा हे सर्वमान्य प्रमाणपत्र घेतानाही साधारण १२० तासांच्या अभ्यासक्रमात सहा तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर शिकवावे लागते, तेही मागे बसलेल्या परीक्षकाच्या नजरेखाली. सहा तास म्हणजे फार नव्हेत. आपल्याकडे दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत काढावे लागतात, पाठ टाचणांच्या वह्या भरतात आणि सराव पाठाला मेथडचे प्राध्यापक मागच्या बाकावर येऊन बसतात. त्या वह्या अनेकदा एकमेकांच्या पाहून उतरवल्या जातात, हे मला ठाऊक आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण वर्गात मागच्या बाकावर कोणीतरी बसले पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे, आणि ई-२ व्हिसाच्या अटींत नेमके तेच गायब आहे. एपिक योजनेने पुढे १०० तासांचे अध्यापन प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, ती चांगली गोष्ट झाली. पण ही अट त्या एका योजनेची आहे आणि खासगी हागवॉनना ती बांधून घेत नाही.

याला सर्वांत वजनदार उत्तर असे दिले जाते, की मुलांना शिक्षकाकडून व्याकरणापेक्षा जिवंत भाषा हवी असते. तिचा सूर, तिची लय, पुस्तकात न सापडणारे बोलणे हे सगळे त्या भाषेत वाढलेल्या माणसाकडूनच मिळते. यात तथ्य नाही, असे म्हणणे दुराग्रहाचे होईल. एपिकची मूळ रचना याच कल्पनेवर उभी आहे: पाहुणा शिक्षक बोलणार आणि कोरियन शिक्षक शिकवणार, असे दोघांनी मिळून वर्ग घ्यायचे. ही रचना कागदावर उत्तम आहे. तो कोरियन शिक्षक सरकारी नेमणुकीची अत्यंत चुरशीची परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेला असतो. त्याच्या शेजारी शिकवण्याचा एकही दिवसाचा अनुभव नसलेला पाहुणा उभा राहतो आणि फलकासमोरची मुख्य जागा मात्र पाहुण्याला मिळते. शाळेच्या पालकसभेत कोणाचे कौतुक होते, हे सांगायला नको.

जन्मजात भाषक हाच आदर्श शिक्षक, हा समज मुळात आला कोठून? १९६१ मध्ये युगांडातील मॅकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनविषयक परिषद झाली, आणि तिच्या निष्कर्षांत हे तत्त्व जवळपास गृहीतकासारखे बसवले गेले. भाषाअभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये या समजाला जाहीरपणे भ्रम ठरवले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की जन्माने मिळालेली म्हणून जी गुणवत्ता सांगितली जाते, ती प्रशिक्षणाने मिळवता येते. आणि ज्याने ती भाषा दुसरी भाषा म्हणून शिकली आहे, त्याला शिकणाऱ्याची वाट ओळखीची असते. हंगेरीचे पेटर मेडयेश यांनीही याच दशकात जन्मजात नसलेल्या शिक्षकाची बाजू सविस्तर मांडली. म्हणजे ही चर्चा आता तीसेक वर्षांची झाली आहे. अभ्यासकांच्या वर्तुळात ती जवळपास मिटलीही आहे, पण इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला तर हे पटवून देण्याची गरजच पडू नये. पुण्यात जपानी आणि जर्मन शिकलेल्या पिढ्यांपैकी बहुतेकांचे शिक्षक मराठी होते. रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात, घराघरांतल्या छोट्या वर्गांत मराठी बाईंनी कांजी ही जपानी चित्रलिपी गिरवून घेतली, आणि तेच विद्यार्थी पुढे जपानी कंपन्यांत दुभाषे झाले. वर्षातून एखादा जपानी पाहुणा वर्गात यायचा आणि त्याचा उपयोगही व्हायचा. पण पाहुणा आला नाही, म्हणून वर्ग बंद पडला नाही. मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकवणाऱ्याला, मग तो जर्मन असो वा भारतीय, अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीला इंग्रजी आले, तेव्हाही ज्या शिक्षकांच्या घरात इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नव्हता, त्यांनीच ते शिकवले. बरे-वाईट कसेही असो, जन्मजात भाषकांची वाट पाहण्याची चैन आपल्याला कधी परवडली नाही.

आणि गंमत म्हणजे हे कोरिया आणि जपानलाही चांगले माहीत आहे. स्वतःच्या भाषेच्या बाबतीत त्यांनी कोणते नियम केले, ते पाहा. कोरियाने २००५ च्या भाषाविषयक कायद्यानुसार कोरियन शिकवणाऱ्यांसाठी तीन श्रेणींचे प्रमाणपत्र ठेवले आहे. खालच्या श्रेणीसाठी १२० तासांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा, वरच्या श्रेणीसाठी त्या विषयातली पदवी, आणि त्याहून वर जायचे तर अध्यापनाचा अनुभव. परदेशी नागरिकालाही ते मिळवता येते. पदवीच्या मार्गाने येणाऱ्या परदेशी माणसाने कोरियन भाषेच्या परीक्षेत सर्वांत वरची, सहावी पातळी गाठलेली असावी, एवढीच जादा अट. जपानने तर एप्रिल २०२४ पासून जपानी भाषेच्या शिक्षकांसाठी नवी राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. तिला वयाची, शिक्षणाची किंवा राष्ट्रीयत्वाची अट नाही. आधी पायाभूत आणि उपयोजित अशा दोन परीक्षा उत्तीर्ण व्हायच्या, मग प्रत्यक्ष अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यायचे, आणि मग नोंदणी. म्हणजे उद्या सांगलीच्या एखाद्या मुलीने ही परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रशिक्षण पूर्ण केले, तर ती जपानमध्ये जपानी भाषेची नोंदणीकृत शिक्षिका होऊ शकते. सोल किंवा बुसानच्या हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवायला मात्र तिच्याकडे चुकीचा पासपोर्ट आहे.

ज्या देशाला आपल्या भाषेचे अध्यापन हे शिकण्याजोगे, परीक्षा घेण्याजोगे कौशल्य वाटते, त्याला इंग्रजीचे अध्यापन जन्मसिद्ध वाटावे, ही विसंगती साधी नाही. तिच्या मुळाशी न्यूनगंड आहे, असे मला वाटते. आपली भाषा आपल्या हातातली, म्हणून तिच्या शिक्षकाला आपण पारखू शकतो. इंग्रजी दुसऱ्याच्या हातातली, म्हणून तिचा मालक ज्याला पाठवेल, तो मान्य. आपल्या शहरांतल्या ‘इंटरनॅशनल’ म्हणवणाऱ्या शाळांच्या माहितीपत्रकांवरचे चेहरे पाहिले, तर हा आजार केवळ कोरियाचा नाही, हेही लक्षात येईल.

दुसरा आक्षेप पुरवठ्याचा आहे, आणि तो व्यवहाराचा असल्यामुळे जास्त गांभीर्याने घ्यायला हवा. अटी वाढवल्या, की येणारे कमी होतात, त्यांचे पगार वाढतात आणि आधी शहरांची गरज भागते. खेडी रिकामी राहतात. कोरियाने यावर जो मार्ग काढला, तो पाहण्यासारखा आहे. चारित्र्य दाखल्यांची सक्ती झाल्यानंतरच्याच वर्षी, २००८ मध्ये, ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी टॉक नावाची योजना आली. तीत पदवीही पूर्ण न झालेल्या, विद्यापीठाची दोन वर्षे झालेल्या परदेशी तरुणांना शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांवर नेमले जाई. ही योजना २०२१ मध्ये बंद झाली. म्हणजे शहरासाठी एक निकष आणि खेड्यासाठी त्याहून खालचा, असे तब्बल तेरा वर्षे चालले. आपल्याकडच्या कंत्राटी शिक्षणसेवकांचा आणि दुर्गम भागातल्या रिक्त जागांचा इतिहास माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? निकष सैल ठेवल्याने खेड्यातल्या मुलाला चांगला शिक्षक मिळाला नाही. त्याला फक्त कोणीतरी मिळाले. खरा उपाय म्हणजे पात्र माणसांचा साठा वाढवणे, आणि तो वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग सात देशांची यादी काढून टाकणे हा आहे. भारत, फिलिपिन्स, नायजेरिया, केनिया या देशांत इंग्रजीत शिकलेले, अध्यापनाची पदवी घेतलेले लाखो लोक आहेत. निकष वर न्या आणि यादी मोकळी करा. या दोन गोष्टी एकत्र केल्या, तर पुरवठा घटणार नाही, कदाचित वाढेल.

चीनने मात्र नेमके उलटे केले. एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या नव्या कार्यपरवाना पद्धतीत भाषाशिक्षकासाठी पदवी, दोन वर्षांचा अनुभव किंवा अध्यापनाचे प्रमाणपत्र अशा अटी आल्या, त्या रास्तच होत्या. पण शिकवायची ती भाषा ज्या देशाची मातृभाषा, त्या देशाचे नागरिकत्व ही अटही तशीच घट्ट राहिली. पुढे जुलै २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवर जी सरसकट बंधने आली, त्यांत देशाबाहेर बसून ऑनलाइन शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांवरच बंदी घातली गेली आणि अमेरिकेत स्वयंपाकघरात बसून बीजिंगच्या मुलांना शिकवणाऱ्या हजारो माणसांचे काम एका फटक्यात गेले. तिथे हेतू पात्रतेचा नव्हताच. थायलंडचे उदाहरण मला जास्त बोलके वाटते. तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना परदेशी शिक्षकालाही लागतो, पण परवाना नसलेल्याला दोन वर्षांची तात्पुरती मुभा मिळते आणि त्या काळात त्याने प्रशिक्षण पुरे करायचे असते. मुदतवाढींमुळे ही मुभा पुष्कळदा पळवाट होते, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. तरी काम करता करता पात्र होण्याचा रस्ता नियमातच ठेवणे, ही कल्पना मला योग्य वाटते. अठ्ठावीस वर्षांच्या होतकरू तरुणाला दारातच अडवण्यापेक्षा आत घेऊन शिकायला लावणे केव्हाही बरे.

एका गोष्टीची चर्चा अशा वेळी फारशी होत नाही, ती म्हणजे नेमणूक करणाऱ्याची पात्रता. ई-२ व्हिसा नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला असतो आणि करार संपण्याआधी दुसरीकडे जायचे, तर जुन्या मालकाचे संमतिपत्र लागते. शिक्षकाची कागदपत्रे तपासून सरकार मोकळे होते; पण पगार बुडवणारा, वर्गात चाळीस मुले कोंबणारा, ‘तुम्ही फक्त खेळ घ्या, मुले खूश राहिली पाहिजेत’ असे सांगणारा चालक त्या छाननीतून सहीसलामत सुटतो. जपानमध्ये नोव्हा ही इंग्रजी संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले आणि विद्यार्थ्यांनी आगाऊ भरलेली फी बुडाली. त्या शिक्षकांची पदवी खरी होती की खोटी, याने त्या विद्यार्थ्यांचे काहीच भले-बुरे झाले नसते. म्हणून शिक्षकाला परवाना लावायचा, तर परदेशी शिक्षक नेमणाऱ्या वर्गालाही लावा. प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याच माथी मारा. आणि वर्षातून एकदा तपासनीस न सांगता येऊन मागच्या बाकावर बसू द्या.

आता आपल्याकडे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आहे. त्यात ज्या व्यावसायिकांना कोरियाने दार उघडले, त्यांत शाळांमधील सहायक इंग्रजी शिक्षकही आहेत. पण भारतीयाने पदवीबरोबर अध्यापनाचे प्रमाणपत्रही दाखवायचे, सात देशांच्या नागरिकाने मात्र कोणतीही पदवी दाखवली तरी चालते. भारतीयाला ही जादा अट अपमानास्पद वाटते. मला ती योग्य वाटते, आणि उरलेल्या सातही देशांना ती लागू नाही, हा अन्याय वाटतो. त्याहून चमत्कारिक गोष्ट दक्षिण आफ्रिकेच्या उमेदवाराची. तिथे अनेक भाषा असल्यामुळे त्याने आपले शिक्षण सातवीपासून इंग्रजी माध्यमात झाल्याचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे इंग्रजी माध्यमातून शिकलेला माणूस इंग्रजी शिकवायला चालतो, हे कोरियाला तत्त्वतः मान्य आहे. मग बालवाडीपासून इंग्रजीतच शिकलेल्या नागपूरच्या किंवा मडगावच्या उमेदवाराकडून तोच दाखला का घेऊ नये, याला काय उत्तर आहे?

आपला स्वतःचा नियमही इथे नोंदवला पाहिजे. परदेशी माणसाला भारतात नोकरीचा व्हिसा देताना किमान पगाराची मर्यादा आहे. भाषाशिक्षकांना तिच्यातून सूट आहे, पण इंग्रजीच्या शिक्षकांना ती सूट नाही. जपानी, कोरियन, जर्मन शिकवायला या. इंग्रजी आमचे आम्ही पाहून घेऊ. हा नियम करणाऱ्याने कोणता सिद्धान्त वाचला होता, कोणास ठाऊक, पण त्यातला आत्मविश्वास मला आवडतो. मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवली जाते आणि ती शिकवणारे शिक्षक तिथेच जन्मलेले, तिथल्याच महात्मा गांधी संस्थेत तयार झालेले असतात. तिथे रोजच्या बोलण्यात क्रिओल असते. महाराष्ट्रातून शिक्षक आयात केल्याशिवाय मराठी टिकणार नाही, असे त्या समाजाने मानले असते, तर त्या बेटावरच्या शाळांतून ती केव्हाच गेली असती.

मात्र भारतीय उमेदवाराची बाजू मांडताना आपल्या प्रमाणपत्रांची लाज झाकून चालणार नाही. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, आणि २०१२ मध्ये त्याने अहवाल दिला, तेव्हा त्यांतली बहुसंख्य महाविद्यालये निकषांत बसत नसल्याचे निघाले. शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीस आणला आणि पुढे हजारो उमेदवारांचे निकाल रद्द झाले. हे कोरियाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यालाही वाचता येते. आमच्या बी.एड.ला मान द्या, असे म्हणण्याचा आपला अधिकार या घटनांनी बराच कमी केला आहे. कागद पाहूनच निर्णय घ्यायचा असेल, तर त्याने आपल्या कागदावर विश्वास का ठेवावा?

म्हणूनच भारत-कोरिया करारात सुधारणा करण्यासाठी २०१६ पासून ज्या वाटाघाटी चालू आहेत, त्यांत भारताने नुसती जागांची मागणी करू नये. जपानने आपल्या भाषेसाठी जी पद्धत लावली, तीच इंग्रजीसाठी लावा, अशी मागणी करावी: सर्व देशांच्या उमेदवारांना एक लेखी परीक्षा, आणि त्यानंतर सोल किंवा दिल्लीतल्या एखाद्या शाळेत, अनोळखी मुलांसमोर चाळीस मिनिटांचा पाठ. कॅनडाचा उमेदवार आणि कोल्हापूरची शिक्षिका दोघांनीही तोच पाठ घ्यावा. परीक्षकाने मागे बसून मुले किती बोलली, चूक झाली तेव्हा शिक्षकाने काय केले, फळ्यावर काय राहिले, एवढे टिपावे. त्यात आपले निम्मे उमेदवार नापास झाले, तरी चालेल.